डाय नावाचे बिनरंगी औषध

तपासणीच्या चिठ्ठीवर ‘सीईसीटी ॲबडोमेन’ किंवा ‘एमआरआय ब्रेन, प्लेन अँड कॉन्ट्रास्ट’ अशी अक्षरे दिसली, की घरात एक ठरावीक चर्चा सुरू होते. शेजारचे काका सांगतात, ‘डाय घालू देऊ नका, किडनीवर जातो.’ पुण्याची आत्या फोनवरून सांगते, ‘आमच्या सासूबाईंना त्याने केवढी रिअॅक्शन आली होती!’ मग मुलगा किंवा सून माझ्यासमोर बसून विचारते, ‘डॉक्टर, साधाच स्कॅन केला तर चालणार नाही का?’ कधी चालतो, कधी मुळीच चालत नाही. मात्र हा निर्णय शेजाऱ्यांच्या अनुभवावर सोडण्याजोगा नाही, म्हणून या वेळचे लेखन या एकाच विषयावर.

प्रथम नावाविषयी. ‘डाय’ म्हणजे रंग; परंतु सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून दिले जाणारे औषध पाण्यासारखे नितळ असते. त्याने रक्त, त्वचा वा लघवी रंगत नाही. रंग येतो तो केवळ चित्रात. क्ष-किरणांना हाड आणि फुप्फुसातील हवा यांतील फरक सहज कळतो. परंतु यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, आतडी आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या हे सारे जवळजवळ एकाच करड्या छटेचे दिसतात. यकृतातील गाठही यकृताच्याच छटेची असली, तर ती तेथे असूनही दिसत नाही. आयोडीनचा अणू जड असतो आणि तो क्ष-किरण अडवतो. म्हणून आयोडीनयुक्त औषध रक्तातून फिरू लागले, की जेथे रक्त अधिक तेथे चित्र उजळते, जेथे कमी तेथे काळोखे राहते आणि गाठीची सीमारेषा उमटते. प्रौढ व्यक्तीला साधारणतः ६० ते १०० मिलिलिटर औषध लागते. मूत्रपिंडे निरोगी असतील तर ते जवळजवळ सारे चोवीस तासांत लघवीवाटे निघून जाते.

याचा अर्थ प्रत्येक स्कॅन डाय घालूनच व्हावा, असा नाही. मुतखडा शोधायचा असेल, डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला आहे का हे पाहायचे असेल, सायनसचे हाड तपासायचे असेल, तर साधा स्कॅन पुरतो. मुतखड्यासाठी तर तोच अधिक चांगला. परंतु गाठ, गळू, रक्तवाहिनीतील गुठळी, कर्करोगाचा प्रसार किंवा स्वादुपिंडाचा आजार यांच्या शोधात साधा स्कॅन म्हणजे संध्याकाळी दिवा न लावता माळ्यावर सुई शोधण्याचा प्रकार होय.

लोकांच्या मनातील भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. या औषधांचा इतिहास निष्कलंक नाही. राँटगेन यांनी १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि दोनच महिन्यांनी व्हिएन्नात एका शवाच्या कापलेल्या हातात दाट मिश्रण भरून रक्तवाहिन्यांचे चित्र काढण्यात आले. जिवंत माणसात काय घालावे, हा प्रश्न मात्र पुढे तीस वर्षे रेंगाळला. १९२३ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये उपदंशाच्या रुग्णांना उपचार म्हणून सोडियम आयोडाइड दिले जात असे. त्यांचे मूत्राशय क्ष-किरण चित्रात उजळलेले दिसले आणि आयोडीनचा मार्ग सापडला. त्यानंतर १९३०च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे औषध आले. चित्र अत्यंत सुंदर, देताना त्रास जवळपास शून्य. परंतु त्यात थोरियम हे किरणोत्सारी द्रव्य होते आणि ते शरीराबाहेर पडतच नसे; यकृतात व प्लीहेत जन्मभर साचून राही. ते घेतलेल्यांपैकी अनेकांना वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग झाला. तेव्हा ‘आत्ता काही त्रास झाला नाही ना, मग झाले!’ एवढ्यावर समाधान न मानणारा रुग्ण मला शहाणाच वाटतो.

आजची औषधे वेगळी आहेत. जुन्या ‘आयोनिक’ औषधांची क्षारता रक्ताच्या कित्येक पट अधिक असे; त्यामुळे शिरेत जाताना आग होई आणि उलट्याही होत. स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टन अल्मेन यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युतभार नसलेल्या, म्हणजे ‘नॉन-आयोनिक’ औषधाची कल्पना मांडली आणि आज सर्वत्र वापरात असलेली औषधे त्याच वंशातील आहेत. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. जुन्या औषधाने लहानमोठा काही ना काही त्रास शंभरातील सुमारे तेरा जणांना झाला होता, नव्याने तिघांना. गंभीर त्रासाचे प्रमाण जुन्या औषधात दहा हजारांत २२, तर नव्यात ४ होते. केंद्रात ‘औषध नॉन-आयोनिक आहे ना?’ असे विचारण्यास आपण संकोच करू नये.

औषध आत जाताना काय जाणवते, हे आधी ठाऊक असले तर अर्धी भीती जाते. घशापासून ओटीपोटापर्यंत उष्णतेची लाट उतरते, तोंडात धातूसारखी चव येते आणि कपड्यांत लघवी झाली की काय, असे वाटते. झालेली नसते. मिनिटाभरात हे सारे ओसरते. ही अॅलर्जी नव्हे. आजींना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर त्या बिचाऱ्या लाजेने अवघडून राहतात आणि हलल्यामुळे चित्र बिघडते ते वेगळेच. अॅलर्जी म्हणजे अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, घसा आवळल्यासारखा होणे, श्वास लागणे, भोवळ येणे. असे काही वाटले तर हात हलवून त्याच क्षणी सांगायचे. सहन करीत पडून राहायचे नाही. आपल्या पिढीला सहन करण्याची फार सवय आहे, आणि येथे ती घातक ठरते.

आता माशांची गोष्ट. कोकणातील एकही कुटुंब मला असे भेटले नाही, की ज्याने हे विचारले नाही: ‘ह्यांना कोळंबीने पित्त उठते, म्हणजे आयोडीनची अॅलर्जी; मग डाय कसा चालेल?’ कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी त्यांच्यातील प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन आपल्या मिठात असते, थायरॉईडच्या संप्रेरकातही असते. त्याच्याशी वैर करून माणूस जगूच शकणार नाही. जखमेवरील बीटाडीनने पुरळ उठत असला तरी त्यावरून डायला नकार देण्याचे कारण नाही. कोणतीही अॅलर्जी असणाऱ्यांत, तसेच दमेकऱ्यांत धोका किंचित वाढतो, म्हणून ते सांगावे जरूर. परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच: पूर्वी याच प्रकारच्या औषधाने त्रास झाला होता का? झाला असेल तर कोणत्या औषधाने, किती वेळात, काय झाले आणि काय उपचार करावे लागले? अशा वेळी औषध बदलता येते, आदल्या दिवसापासून स्टिरॉइडच्या गोळ्या देता येतात किंवा सोनोग्राफी वा एमआरआयचा पर्याय निवडता येतो. ‘काहीतरी झाले होते, पण आठवत नाही’ या उत्तराने सर्वांचीच पंचाईत होते.

मूत्रपिंडांचा प्रश्न याहून नाजूक. पूर्वी असे मानले जाई, की डायनंतर क्रिअॅटिनिन वाढले म्हणजे ते डायमुळेच वाढले. परंतु ज्यांना स्कॅन करावा लागतो ते मुळातच आजारी असतात. ताप, जंतुसंसर्ग, उलट्या, कमी झालेला रक्तदाब या प्रत्येकाने क्रिअॅटिनिन वाढू शकते. डाय घेतलेल्या आणि न घेतलेल्या तत्सम रुग्णांची तुलना होऊ लागली, तेव्हा डायच्या माथ्यावरील बराचसा दोष उतरला. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या आणि मूत्रपिंडविषयक संस्थांनी २०२० साली एकत्रितपणे मांडलेल्या मतानुसार, शिरेतून दिलेल्या डायचा धोका मुख्यतः ज्यांचा जीएफआर ३० हून कमी आहे किंवा ज्यांची मूत्रपिंडे नुकतीच, अचानक बिघडली आहेत, त्यांच्यात असतो. हृदयाच्या अँजिओग्राफीत औषध धमनीतून जाते. तेथे काळजी थोडी अधिक घ्यावी लागते.

जीएफआर म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याचा वेग. तो क्रिअॅटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष भेद यांवरून गणिताने काढतात. येथे वृद्धांच्या बाबतीत एक मोठी फसगत होते, ती नीट समजून घ्यावी. क्रिअॅटिनिन स्नायूंपासून तयार होते. ३५ वर्षांच्या पुरुषाचे क्रिअॅटिनिन १.२ असेल तर त्याचा जीएफआर सुमारे ८० येतो. ७८ वर्षांच्या आजींचे तेच १.२ असेल तर जीएफआर ४६च्या आसपास येतो, आणि १.७ झाले की तो ३०च्या उंबरठ्यावर. अहवालात १.२ समोर ‘नॉर्मल’ पाहून आपण निर्धास्त होतो. आजी फारच कृश असतील तर हा ४६चा आकडासुद्धा वास्तवापेक्षा बरा दिसत असण्याचा संभव असतो. म्हणून ‘क्रिअॅटिनिन किती?’ असे न विचारता ‘जीएफआर किती?’ असे विचारावे, आणि अहवालावर तो छापलेला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

नकाराची किंमत काय असते, याचे एक उदाहरण. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. वर्षानुवर्षे गोळ्यांवर आटोक्यात असलेला मधुमेह अकस्मात बेताल झाला, चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरले, वरच्या पोटात मंद दुखणे. मुलाकडे दुसऱ्या शहरात असताना तेथील डॉक्टरांनी डाय घालून स्कॅन सुचविला. नात्यातील एकाला डायनंतर डायलिसिस लागल्याची कथा घरात ताजी होती. कुटुंबाने आग्रह धरून साधा स्कॅन करवून घेतला. अहवालात विशेष काही आले नाही. शेवटच्या ओळीत ‘कॉन्ट्रास्ट न दिल्यामुळे तपासणीला मर्यादा आहेत’ असे लिहिलेले होते. ती ओळ कोणी वाचली नाही. ‘स्कॅन नॉर्मल’ या समाधानात अडीच महिने गेले. गावी परतल्यावर ते माझ्याकडे आले. क्रिअॅटिनिन १.३, जीएफआर सुमारे ५८. म्हणजे डाय घेण्यास अडथळा असा काही नव्हताच. डाय घालून केलेल्या स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ दिसली. उजळलेल्या ग्रंथीत ती काळसर डागासारखी उठून दिसते, साध्या स्कॅनमध्ये ग्रंथीच्याच छटेत लपते. तोवर तिने शेजारच्या रक्तवाहिनीला वेढा घातला होता. शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी द्यावी लागेल, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले. अडीच महिन्यांपूर्वी गाठ केवढी होती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मुलाने मला तोच प्रश्न तीन वेळा विचारला.

याउलट थांबण्यातही कधी शहाणपण असते. एका आजींना पोटातील जुन्या गाठीच्या पाहणीसाठी स्कॅनची तारीख मिळाली होती. तीन दिवस जुलाब चालू, पायांच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू, आणि गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकही चालू. शरीर कोरडे, मूत्रपिंडे आधीच दमलेली. तो स्कॅन आम्ही आठवडाभर पुढे ढकलला, पाणी भरून काढले, दुखण्याची गोळी बंद केली, रक्त पुन्हा तपासले आणि मगच डाय दिला. घाई नसलेल्या तपासणीला तारखेचे सोवळे नसते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पोटातील फुटलेली रक्तवाहिनी अशा प्रसंगी मात्र क्रिअॅटिनिनच्या अहवालासाठी तास घालवू नयेत. तेथे वेळच औषध असते.

मेटफॉर्मिनविषयी हमखास गोंधळ असतो. ही गोळी मूत्रपिंडांना अपाय करीत नाही. परंतु मूत्रपिंडे बिघडलीच तर ती शरीरात साचते. जीएफआर ३०च्या खाली असेल, मूत्रपिंडांना अचानक इजा झालेली असेल किंवा औषध धमनीतून जाणार असेल, तर ती त्या दिवसापासून ४८ तास बंद ठेवून, रक्ततपासणी करून पुन्हा सुरू करतात. काही केंद्रे सरसकट सर्वांनाच बंद करायला सांगतात; दोन दिवसांनी फारसे बिघडत नाही. बिघडते ते गोळी पुन्हा सुरू करायचे राहून गेल्याने. तीन आठवड्यांनी साखर ३०० झाल्यावर आठवण झाल्याची उदाहरणे माझ्या दवाखान्यात पुष्कळ आहेत. भिंतीवरील कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवावी.

उपाशीपोटी बोलावले म्हणजे निर्जळी एकादशी नव्हे. बहुतेक केंद्रे तीन-चार तास अन्न घेऊ नका असे सांगतात. पाणी चालते का ते विचारून घ्यावे, बहुधा चालते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सकाळचे इन्सुलिन टोचून उपाशी बसणे धोक्याचे आहे. त्या दिवसाचा डोस आदल्या दिवशीच विचारून घ्यावा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ मागावी. जीएफआर फार कमी असणाऱ्यांना आधी व नंतर सलाईन देतात. एसिटिलसिस्टीनच्या पुड्या मात्र आजही कोठे कोठे लिहून दिल्या जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्यांचा काही उपयोग दिसला नाही.

एमआरआयचा डाय निराळाच. त्यात आयोडीन नसते, गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. सीटीच्या औषधाची अॅलर्जी असली म्हणून याचीही असेल असे नाही. मात्राही थोडी, साठ किलोच्या व्यक्तीला बहुधा बारा मिलिलिटर. सुटा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो रासायनिक पिंजऱ्यात कोंडून देतात. काही औषधांचा पिंजरा उघड्या साखळीसारखा, तर काहींचा बंद कड्यासारखा असतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत हे औषध दीर्घकाळ शरीरात राही, आणि साखळीच्या पिंजऱ्यातून धातू सुटून त्वचा लाकडासारखी कडक होण्याचा एक भीषण विकार होई. गॅडोलिनियमशी त्याचा संबंध २००६ साली लक्षात आला. बंद कड्याची औषधे वापरात आल्यापासून तो आता अतिशय दुर्मीळ झाला आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली साखळीच्या बहुतेक औषधांवर निर्बंध घातले. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल तर एमआरआयपूर्वी ‘मॅक्रोसायक्लिक औषध देणार ना?’ एवढे विचारावे. आणि फिस्टुला असलेल्या हाताला सुई लावू देऊ नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताविषयीही आधी सांगावे.

थायरॉईडचा आजार असणाऱ्यांसाठी एक सूचना. थायरॉईड अतिक्रियाशील असेल तर आयोडीनयुक्त डायने तो उसळू शकतो. तसेच थायरॉईडचा किरणोत्सारी स्कॅन किंवा उपचार ठरला असेल, तर त्याआधी घेतलेला डाय तो काही आठवडे लांबणीवर टाकतो. कोणती तपासणी आधी, हे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांविषयी सांगूनच ठरवावे. बेरियमचेही तसेच. घोट घेऊन करायच्या तपासणीतील हे पांढरे औषध रक्तात जात नाही, मूत्रपिंडांचा प्रश्न येत नाही. परंतु पोटात ते राहिले असताना सीटी केला तर चित्र खराब होते. दोन-तीन दिवस शौचास पांढरे होते आणि वृद्धांना घट्ट मलावरोध होतो, म्हणून पाणी अधिक आणि लागल्यास रेचक.

शेवटी त्या फॉर्मविषयी. केंद्रात पोहोचल्यावर हाती एक कागद येतो आणि तो बहुधा घाईत असलेला नातू भरतो. दमा? नाही. अॅलर्जी? नाही. किडनी? नाही. पूर्वी डाय घेतला होता? नाही. आजोबांनी २०१९ साली अँजिओग्राफी करवून घेतली होती, हे नातवाला ठाऊक नसते आणि आजोबांना कोणी विचारत नाही. हा कागद घरीच, आजोबांना शेजारी बसवून, मनातल्या मनात भरून ठेवावा: चालू गोळ्या, महिन्याभरातील क्रिअॅटिनिन, पूर्वीचे स्कॅन आणि त्यांच्या सीडी. अलीकडे दुसरीकडे डाय घेतला असेल तर तो आवर्जून सांगावा. जुनी सीडी पाहून कधी कधी नव्या स्कॅनची गरजच उरत नाही.

औषध दिल्यावर अर्धा तास केंद्रातच बसावे. गंभीर अॅलर्जी बहुधा याच अवधीत दिसते आणि तेव्हा अॅड्रेनॅलिन हाताशी असलेल्या जागी असणे हिताचे. जेवायला बाहेर जाऊ नये. सुईच्या जागी हात फुगला, दुखू लागला तर औषध शिरेबाहेर गेले असण्याची शक्यता असते. हात उंच ठेवून तेथेच दाखवावा. त्वचेवरील पुरळ कधी आठवडाभरानेही उठते, तेव्हा ते डायशी जोडायला विसरू नये. पाणी भरपूर प्यावे. मात्र हृदय कमकुवत असल्याने ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी ते मोजूनच प्यावे. जीएफआर कमी असणाऱ्यांनी ४८ ते ७२ तासांनी क्रिअॅटिनिन पुन्हा करून घ्यावे. आणि लहानसाही त्रास झाला असेल, तर त्या दिवशीच केंद्रातून औषधाचे नाव, मात्रा व तारीख लिहून घेऊन तो कागद आधारकार्डाच्या पाकिटात ठेवावा.